वचनातील विरोध आणि अर्थाचा निर्णय



गेल्या चातुर्मासात औरंगपुऱ्यातील एका वासनिक कुटुंबाच्या घरी आचार प्रकरणाचे निरूपण चालले होते. सरस्वती भुवनाच्या शाळा-महाविद्यालयांची वर्दळ ओसरली की सायंकाळी दहापंधरा मंडळी जमत. त्यांत निवृत्त शिक्षक होते, कापडाचे दुकान मिटून येणारे एक गृहस्थ होते, घरातील आजी होत्या आणि त्यांची नात होती. ही मुलगी मराठी हा विषय घेऊन एम. ए. करते. पोथी पुढ्यात घेऊन, पेन्सिलीने खुणा करीत ती ऐकत असे.

एके दिवशी मातापूर व कोल्हापूर वर्जावे, या अर्थाचे सूत्र पाठात आले. ती स्थाने साभिमान आहेत, साधकाला तेथे विघ्न होते, असा त्याचा भाव आहे. मी पुढे सरकणार, इतक्यात त्या मुलीने विचारले, "बाबा, मातापूर म्हणजे माहूरच ना? मग आपण श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या देवदेवेश्वराला जातो ते कसे? वचन जुने झाले म्हणायचे, की आपण चुकतो म्हणायचे?"

निवृत्त शिक्षकांना हा प्रश्न रुचला नाही. "शास्त्रात विरोध नसतोच," असे ते किंचित रागाने म्हणाले. दुकानदार गृहस्थांचा सूर समजुतीचा होता. "दोन्ही खरे आहे. ज्याचा जसा भाव," असे म्हणून ते हसले. मुलगी मात्र हसली नाही. प्रश्न तिने परीक्षेसाठी विचारलेला नव्हता, हे मला मागाहून कळले. आजींना माहूरला न्यावयाचे कुटुंबाने ठरविले होते. गाडी सांगून झाली होती. तोच तिच्या वडिलांच्या वाचनात हे सूत्र आले आणि त्यांनी बेत रहित केला. आजी काही बोलल्या नव्हत्या. त्या रोज निरूपणाला येऊन भिंतीला टेकून बसत, एवढेच.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन दिवस मागून घेतले. त्याला कारण होते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, आचार प्रकरण नुकतेच मुखोद्गत झाले असताना, अशाच एका वृद्ध बाईंनी मला हाच प्रश्न केला होता. त्यांचे शब्द वेगळे होते. "माहूरला जाऊ का?" एवढेच त्यांनी विचारले. मला सूत्र येत होते. मी ते खणखणीत म्हणून दाखविले आणि 'वर्ज्य आहे' असे सांगून मोकळा झालो. त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या राहिल्या नाहीत. माझ्या गुरुजींच्या कानी ही गोष्ट गेली तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "सूत्र म्हटलेस, पण प्रकरण पाहिलेस का?" मी पाहिलेले नव्हते. वचन पाठ असणे आणि वचन कळणे यांत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी दिसले. मात्र ज्या बाईंना ते कळायला हवे होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचविण्याची वेळ निघून गेली होती.

म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

सूत्रपाठाची घडण कशी झाली हे आधी ध्यानात घ्यावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी सूत्रे लिहिली नाहीत, ते बोलले. कोणी काही पुसले, कोणी काही केले, वाटेत काही घडले, त्या त्या प्रसंगी त्यांच्या मुखातून वचन निघाले. ते प्रसंग म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकिले त्यांच्याकडून मिळवून, ऋद्धिपुरात आचार्य नागदेवांच्या देखरेखीखाली लीळाचरित्रात गोवले. पुढे केसोबासांनी त्या लीळांतून वचने वेचून निराळी केली आणि विषयवार लावली. त्यामुळे पाठ करणाऱ्याची मोठी सोय झाली. परंतु मणी माळेतून काढला की तो कोणत्या मण्याशेजारी होता हे दिसत नाही. दोन निराळ्या प्रसंगी, दोन निराळ्या माणसांना सांगितलेली वचने एकाच पानावर शेजारी येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की, ही एकमेकांशी भांडत आहेत.

आपल्या पूर्वाचार्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच वचनामागचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' निर्माण झाले. हेतू उलगडणारे 'हेतुस्थळ' झाले. लक्षणस्थळ, विचारस्थळ, आचारस्थळ झाली. एवढे मोठे टीकावाङ्मय रचावे लागले याचाच अर्थ असा की, नुसत्या अक्षरांतून अर्थ हाती येत नाही याची त्यांना पुरती जाणीव होती. 'शास्त्रात विरोध नसतोच' असे म्हणून प्रश्न करणाऱ्याला गप्प बसविणे ही त्यांची रीत नव्हती. विरोध दिसतो, हे ते मान्य करीत, आणि तो का दिसतो ते शोधीत.

आता मूळ सूत्राकडे वळू.

पहिली गोष्ट शब्दाची. सूत्रात 'मातापूर' हे नाव एकटे आलेले नाही. त्याच्या जोडीला कोल्हापूर आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावरून कळतो. याला शास्त्रकार साहचर्य म्हणतात. कोल्हापूर हे महालक्ष्मीचे स्थान आणि मातापूर हे रेणुकेचे. दोन्ही देवतास्थाने म्हणून प्रसिद्ध. 'मातापूर' या नावातच माता आहे. तेव्हा येथे जे नाव घेतले आहे ते त्या गावाच्या देवतास्थान या रूपाचे आहे, असे शेजारच्या शब्दावरूनच दिसते. एकाच गावात अवताराच्या संबंधाचेही स्थान असू शकते, आणि त्याविषयी हे सूत्र बोलत नाही.

दुसरी गोष्ट कारणाची. सर्वज्ञांनी येथे नुसती मनाई केलेली नाही. कारणही दिले आहे. आपल्या सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न मानलेले आहेत. देवतेला सामर्थ्य आहे, फळ देण्याची शक्ती आहे, पण मोक्ष देण्याचा अधिकार नाही. जेथे देवतेचा अभिमान जागता आहे तेथे एकट्या परमेश्वरासच शरण गेलेल्या साधकाला विघ्न संभवते. सूत्राचा रोख हा आहे. कारण जेथपर्यंत लागू पडते तेथपर्यंत विधी-निषेध लागू पडतो. कारण सोडून नुसता निषेध उचलला तर तो कोठल्या कोठे जातो, हे मी वर सांगितलेच आहे.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. आचार प्रकरणातील वचने मुख्यतः अनुसरलेल्या, घरदार सोडून अटन-विजन करणाऱ्या साधकाला उद्देशून आहेत. कोठे राहावे, कोठे हिंडावे, भिक्षा कोठे मागावी, हा त्याचा रोजचा प्रश्न. घरी राहून नामस्मरण करणाऱ्या, वर्षा-दोन वर्षांतून एकदा स्थानवंदनास निघालेल्या आजींचा प्रश्न तो नव्हे.

आणि शेवटी लीळाचरित्राची साक्ष. श्रीचक्रपाणिप्रभूंनी फलटणहून मातापुरास येऊन, व्याघ्ररूपात आलेल्या श्रीदत्तात्रेय प्रभूंपासून शक्तिस्वीकार केला, ही आपल्या परंपरेतील मूळ घटना आहे. पंचकृष्णांची परंपरा ज्या ठिकाणी जोडली गेली ते हे स्थान. ज्या पंथाने ही लीळा जपली त्याच पंथाने ते सूत्रही जपले. एकासाठी दुसरे खोडले नाही. म्हणजे ज्यांनी दोन्ही लिहून ठेवली त्यांना त्यांत विरोध वाटला नव्हता. स्थानाला आपण वंदन करतो ते दगडमातीला नव्हे. अवताराचा तेथे संबंध झाला, म्हणून. तो संबंध हे वंदनाचे कारण आणि देवतेचा अभिमान हे वर्जनाचे कारण. कारणे दोन आहेत, म्हणून विषयही दोन आहेत. गाव तेवढे एक.

येथवर मांडून झाल्यावर त्या मुलीने जे विचारले ते या लेखाचे खरे निमित्त आहे. ती म्हणाली, "बाबा, हे पटते. पण आपल्याला जायचे होते म्हणून तर आपण हा अर्थ काढला नाही ना?"

मला हा प्रश्न फार आवडला, आणि थोडा बोचलाही. विरोध मिटविण्याची विद्या अवगत झाली की तिचा दुरुपयोग सोपा असतो. जे आपल्याला नको ते 'त्या काळापुरते' म्हणून सोडावे, जे अडते ते 'पाठभेद असेल' म्हणून टाळावे आणि काहीच सुचले नाही तर 'दोन्ही खरे' म्हणावे. मग अर्थ वचनातून न निघता आपल्या सोयीतून निघतो. म्हणून मी एक कसोटी वापरतो. ज्या नियमाने आपण आपल्या सोयीचा अर्थ लावला तोच नियम आपल्या गैरसोयीच्या ठिकाणी लावून पाहावा. तेथेही आपण तो मान्य करीत असू तर अर्थ प्रामाणिक. तेथे मागे सरलो तर ती पळवाट.

ही कसोटी मी माझ्यावरच लावून दाखवितो. याच आचार प्रकरणात कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, अशा अर्थाची वचने आहेत. वाचणारे ही वचने बहुधा देशाभिमानाने वाचतात. परंतु तेथेही सर्वज्ञांनी कारण सांगितले आहे. ते देश विषयबहुल आहेत आणि तेथे अवधूतांना मान मिळतो, हा त्याचा आशय. दुसरे कारण वाचून नवखा माणूस थबकतो. मान मिळतो म्हणून जाऊ नये? होय, तसेच. साधकाला अपमानापेक्षा मान अधिक घातक, हे सांगण्याचा तो प्रकार आहे.

आता मातापुराच्या सूत्रात आम्ही म्हटले की, कारण जेथपर्यंत तेथपर्यंत निषेध. मग येथेही तेच म्हटले पाहिजे. मान हे कारण असेल, तर ज्या ज्या ठिकाणी संन्यस्ताला मान मिळतो ते ते ठिकाण त्याच्यापुरते तेलंगदेश झाले. औरंगपुऱ्यात मला पाट मांडून, ताटाभोवती रांगोळी घालून भोजन वाढतात. खाली उतरलो तर जोडे सरळ करून ठेवतात. भौगोलिक दृष्ट्या मी महाराष्ट्रात आहे. सूत्राच्या दृष्टीने कोठे आहे? हे मी त्या सभेत बोललो तेव्हा दुकानदार गृहस्थ अस्वस्थ झाले, कारण रांगोळी त्यांच्या घरची होती. पण अर्थ लावण्याचा अधिकार घ्यावयाचा तर तो आपल्याला बोचतो तेथेही घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी इतर मंडळींच्या पंक्तीला बसू लागलो. यात काही मोठे केले असे नाही. उशीर मात्र झाला.

याच वचनावरून इतिहासाकडेही दृष्टी जाते. आपला मार्ग पुढे पंजाबात पसरला, काबूलपर्यंत पोहोचला आणि तिकडे 'जयकृष्णी' या नावाने ओळखला गेला. 'महाराष्ट्रात असावे' हे वचन शिरोधार्य मानणाऱ्यांचा मार्ग इतक्या दूर कसा गेला, असा आक्षेप कोणी घेतो. परंतु तिकडे गेलेल्यांनी मराठी पोथ्या बरोबर नेल्या, त्या मराठीतच जपल्या, आणि ऋद्धिपुराकडे तोंड ठेवले. त्यांनी वचन मोडले असे म्हणण्याआधी हेही तराजूत घालावे. निर्णय मी येथे देत नाही. तो एका परिच्छेदात देण्याजोगा नाही.

'दोन्ही खरे' म्हणणाऱ्या गृहस्थांनी आपल्या म्हणण्यास दृष्टांतपाठातील हत्तीचा आधार दिला होता. जात्यंधांनी हत्ती चाचपला. कोणाला तो खांबासारखा वाटला, कोणाला सुपासारखा, कोणाला मुसळासारखा. तेव्हा आपापल्या परीने सर्वच बरोबर, असे ते म्हणाले. हा दृष्टांत आज शाळेच्या पुस्तकांतून, सभांतून सर्रास याच अर्थाने सांगितला जातो. पण मूळ दृष्टांतात आणखी एक माणूस आहे, आणि त्याला सगळे विसरतात. तो डोळस आहे. अंधांना जे लाभले ते हत्तीचे एकेक अंग होते, हे तोच जाणतो. तो काढून टाकला तर खांब, सूप आणि मुसळ यांची बेरीज करून हत्ती होत नाही. अंधांचे भांडण 'तुझेही खरे, माझेही खरे' असे म्हटल्याने मिटत नाही. हत्ती दिसल्याने मिटते. शिवाय तो दृष्टांत परमेश्वरज्ञानाविषयीचा आहे. घरगुती वादात तह घडवून आणण्यासाठी तो सांगितलेला नाही. दृष्टांतपाठात केसोबासांनी प्रत्येक दृष्टांताला सूत्र आणि दार्ष्टांतिक जोडून ठेवले ते याचसाठी की, गोष्ट सुटी होऊन भलतीकडे जाऊ नये. तरीही ती गेलीच.

पाठांतील विरोधाविषयी थोडे सांगितले पाहिजे. देवगिरीवरील आक्रमणांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली गेली, असे परंपरा सांगते. हिराइसांचे पाठांतर त्यात मोठे मानले जाते. साहजिकच एकाच लीळेच्या निरनिराळ्या 'वासना' झाल्या. कोणाच्या स्मरणात गावाचे नाव वेगळे, कोणाच्या स्मरणात बोलणारा वेगळा. या ठिकाणी आपल्या लेखकांनी जे केले त्याचे मला नेहमी नवल वाटते. एक वासना ठेवून बाकीच्या पुसून टाकणे सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. अमुकाची वासना अशी, तमुकाची अशी, असे नोंदवून दोन्ही ठेवल्या. ज्याला आपण 'प्रमाण' मानतो त्या ग्रंथातच 'येथे आमच्यात एकमत नाही' असे लिहून ठेवण्याचे धैर्य लहान नव्हे. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते या विद्वानांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या तेव्हा त्यांच्या पुढ्यात हा सर्व संभार आयता होता. कोलत्यांची आवृत्ती १९७८ साली निघाली. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी पंथीयांचे जमले नाही, हे सर्वश्रुत आहे. पण पाठभेद लपवू नये हा धडा त्यांनी विद्यापीठात शिकण्यापूर्वी आपल्या पोथ्यांत लिहिलेला होता, एवढे तरी अभिमानाने म्हणता येईल.

आता काव्याकडे येतो, कारण त्या मुलीच्या अभ्यासक्रमात तेच होते.

भास्करभट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी 'शिशुपाळवध' रचला. ओव्या १०८७. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाची अग्रपूजा, शिशुपाळाने केलेली निंदा व त्याचा वध, असे कथानक. परंतु ग्रंथाचा फार मोठा भाग द्वारकेतील विलासाने, रुक्मिणीच्या प्रणयकोपाने, वसंताच्या व जलक्रीडेच्या वर्णनाने व्यापला आहे. ग्रंथ त्यांनी आपले गुरुबंधू भानुभट यांना दाखविला. त्यांनी जो अभिप्राय दिला तो प्रसिद्ध आहे. ग्रंथ चांगला झाला आहे, पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा त्याचा आशय. त्यानंतर भास्करभटांनी श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली.

मुलीने आपली टिपणे दाखविली. त्यांत लिहिले होते की, महानुभाव पंथ शृंगाराच्या विरुद्ध होता, म्हणून भानुभटांनी ग्रंथ नाकारला, आणि कवीने प्रायश्चित्त म्हणून दुसरा ग्रंथ लिहिला. असे लिहिणाऱ्याने अभिप्रायाचे एकच अर्ध वाचले आहे. वाक्याला दोन अंगे आहेत. पहिले अंग ग्रंथाविषयी आहे आणि ते स्तुतीचे आहे. दुसरे अंग वाचकाविषयी आहे. 'निवृत्तांना' हा शब्द गाळला तर वाक्याचा कणाच मोडतो. भानुभट काव्याचा दर्जा ठरवीत नव्हते. ते कोणाच्या हाती काय द्यावे याचा विचार करीत होते. वैद्य आंबा वाईट म्हणत नाही, ज्वर आलेल्याला देऊ नका म्हणतो.

आणि पंथाने पुढे काय केले? 'शिशुपाळवध' बुडविला नाही. साती ग्रंथांत त्याची गणना केली, आणि त्याच सातांत 'उद्धवगीता'ही घेतली. एका कवीचे दोन ग्रंथ, पहिल्यावर दुसऱ्याने आक्षेपाचे उत्तर दिलेले, आणि दोन्ही मान्य. भास्करभटांचा अधिकारही उणा झाला नाही. कवीश्वरबास या नावाने ते मार्गाचे आचार्य झाले. कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने चालतो. त्यांनी भानुभटांशी वाद घातल्याचे परंपरा सांगत नाही, आणि आपला पहिला ग्रंथ त्यांनी फाडलाही नाही. 'प्रायश्चित्त' हा शब्द त्यामुळे मला पटत नाही. दुसऱ्या वाचकासाठी दुसरा ग्रंथ लिहिला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

तरीही माझ्या मनात एक शंका उरते, ती मांडतो. भास्करभट स्वतः निवृत्त होते. मग एका निवृत्ताला असा ग्रंथ लिहिता आला, आणि दुसऱ्या निवृत्ताला तो सर्वच्या सर्व वाचून त्याची गोडी कळली, हे कसे? 'चांगला झाला' असे म्हणणाऱ्याने तो रस घेतल्यावाचून म्हटले नसेल. माझ्या मते भानुभटांच्या अभिप्रायात स्वतःविषयीची कबुलीही आहे. आपल्याला तो आवडला, म्हणूनच त्यांना भय वाटले. असे वाचले की तो अभिप्राय कठोर वाटत नाही. कोणी याहून निराळे म्हणेल. त्यास माझी हरकत नाही.

याच ग्रंथासंबंधी आणखी एक गोष्ट. विद्यार्थी एखादी ओवी उचलतात आणि 'कवी म्हणतो' असे लिहितात. ती ओवी शिशुपाळाच्या तोंडची असते! निंदा करणाऱ्याच्या मुखात कवीने जोरकस शब्द घातले, कारण दुबळ्या पूर्वपक्षाचे खंडन करण्यात काही पुरुषार्थ नाही. पण ते कवीचे मत नव्हे. लीळाचरित्रातही असे पुष्कळदा होते. दिवसा दिवटी लावून मिरविणारे म्हाइंभट वाद जिंकावयास सर्वज्ञांकडे येतात, तेव्हाचे त्यांचे बोलणे हा पूर्वपक्ष आहे. आणि तो त्यांनी स्वतःच, पुढे शिष्य झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. कोण बोलतो, हे पाहिल्यावाचून काय बोलला ते कळत नाही.

कोणासाठी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. केसोबास संस्कृताचे पंडित होते; 'रत्नमाळास्तोत्र' त्यांनी संस्कृतात रचले. पुढेही तसेच लिहावयाचा त्यांचा मनोदय दिसताच आचार्य नागदेवांनी त्यांना थांबविले. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, हे त्यांनी दिलेले कारण स्मृतिस्थळात आहे. आचार्यांचा संस्कृतावर राग नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे ऐकणारी माणसे होती. औरंगपुऱ्यातील त्या घरात भिंतीला टेकून बसलेल्या आजींकडे पाहताना मला हा प्रसंग राहून राहून आठवत होता. मागे मी एका म्हातारीला वंचित केले होते, आणि तेही शुद्ध मराठीत.

दोन दिवसांनी मी मुलीच्या वडिलांशी बोललो. वर मांडले ते सर्व त्यांना सांगितले. निर्णय मात्र त्यांच्यावर सोपविला. ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी दोन अडचणी काढल्या, एकीचे माझ्याकडून समाधान झाले, एकीचे झाले नाही. ती दुसरी अशी की, स्थानवंदनास गेलेले आपले लोक वाट वाकडी करून वर गडावरही जाऊन येतात, मग सूत्र कोठे राहिले? मी म्हटले, तेथे सूत्र उभेच आहे. त्यावर ते बराच वेळ गप्प होते.

मार्गशीर्षात ती मंडळी माहूरला जाऊन आली. आजींनी देवदेवेश्वरी माथा टेकविला; गडाकडे कोणी गेले नाही. परत आल्यावर आजींनी मला प्रसादाचे नारळ दिले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच एक प्रश्न विचारला. त्यांचा थोरला नातू हैदराबादेस नोकरीला आहे. "तो तेलंगात गेला की हो बाबा. त्याचे काय?"

सभेत हशा झाला. निवृत्त शिक्षक म्हणाले, "आजी, १९५६ पर्यंत आपले औरंगाबादच हैदराबादच्या राज्यात होते. आमच्या वडिलांच्या कोर्टकचेऱ्या सगळ्या तिकडेच." आजींचे त्याने समाधान झाले नाही. राज्य कोणाचे ते त्यांनी विचारले नव्हते. तेथे नातवाला मान फार मिळतो की काय, आणि तो नामस्मरण विसरतो की काय, हे त्यांना हवे होते. म्हणजे सूत्रातील कारण त्यांनी बरोबर धरले होते.

'महाराष्ट्रात असावे' आणि 'देशाच्या शेवटी, कोणी ओळखीत नाही तेथे जन्म घालवावा' या अर्थाची दोन वचने एकत्र कशी वाचावीत, हा त्यातूनच निघालेला पुढचा प्रश्न आहे. त्याचा विचार पुढील अंकी करू.

दंडवत प्रणाम.